ओटा बांधताना पैसा कुठे घालावा?



नाशिकरोडच्या आमच्या छोट्या घरात काही वर्षांपूर्वी नवा ओटा आणि कपाटे करून घेतली. दाराचा रंग ठरवण्यात आठ दिवस गेले. आत कोणता बोर्ड लागतोय, हे मात्र कुणीच विचारले नाही. तो निघाला भुशाचा, म्हणजे पार्टिकल बोर्ड. पहिल्याच पावसाळ्यात सिंकखालचे कपाट फुगले आणि बिजागऱ्या सुटल्या. यंदा तेच काम पुन्हा करावे लागले. तुमचे पैसे तरी वाचावेत, म्हणून हे चार शब्द.

आधी उंची. मिस्त्री सरसकट एकच माप धरतो. तुम्ही सरळ उभ्या राहा, कोपर काटकोनात वाकवा आणि कोपरापासून जमिनीपर्यंत मोजा. त्यातून चार ते सहा इंच वजा केले की तुमच्या ओट्याची उंची मिळते. पाच फूट उंचीच्या बाईला साधारण बत्तीस इंच पुरतात. आमचा पहिला ओटा छत्तीस इंच होता. त्यावर शेगडी, शेगडीवर मोठे पातेले. रमजानमध्ये हलीम घोटताना अम्मींचे खांदे भरून यायचे. घरात जी सर्वांत जास्त रांधते, तिचे माप घ्या.

मग दगड. आंध्रातला काळा कडप्पा स्वस्त आणि टिकाऊ; पण तो चुनखडीचा दगड आहे. लिंबू, चिंच किंवा व्हिनेगर सांडून राहिले की डाग पडतो. संगमरवराचेही तसेच. ग्रॅनाईट महाग पडते, पण आंबट आणि गरम दोन्ही सोसते. सिंकसाठी कापलेल्या जागी मात्र ते नाजूक असते. म्हणून बकरी ईदला हाडे तोडायची तर जमिनीवर लाकडी ठोकळा ठेवून तोडा, ओट्यावर नको.

आता कपाटे. पाण्याजवळ पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ नकोच. प्लाय घ्यायचा तर त्यावर आयएसआयची खूण आणि आयएस ७१० हा आकडा छापलेला आहे का, ते स्वतः पाहा. हा पाण्यात टिकणारा मरीन प्लाय. कापलेल्या कडाही बंद करून घ्या, कारण पाणी तिथूनच आत शिरते. ओल न पोचणाऱ्या वरच्या कपाटांना आयएस ३०३ मधला बीडब्ल्यूआर प्लाय चालतो.

हात आखडता असेल, तर सिंकखाली लाकूडच लावू नका. विटांच्या आधारावर कडप्प्याच्या फळ्या बसवा आणि पुढे ॲल्युमिनियमची दारे लावा. ना फुगणार, ना वाळवी लागणार. आम्ही यंदा हेच केले. ट्रॉल्या पुढच्या वर्षी बघू.

दाराचा रंग नंतरही बदलता येतो. ओट्याची उंची बदलायची, तर सगळे फोडावे लागते. म्हणून मिस्त्री दारात आला की आधी टेप हातात घ्या.