हृदयाची गंगाजळी

पेढीचा ताळेबंद वरवर पाहता उत्तम दिसावा, रोजची देणी वेळेवर भागावीत आणि एखाद्या मोठ्या मागणीच्या दिवशी मात्र गंगाजळी केव्हाच आटल्याचे ध्यानी यावे, असा प्रसंग व्यापारात अपरिचित नाही. हृदयाच्या अरुंद झालेल्या धमन्यांचे वर्तनही नेमके असेच असते.

हृदय दिवसभरात सुमारे एक लाख वेळा स्पंदते. साऱ्या देहाला रक्त पुरविणाऱ्या या स्नायूचा स्वतःचा पुरवठा महाधमनीच्या मुळाशी निघणाऱ्या दोन कोरोनरी धमन्यांतून होतो. विश्रांतीत तो मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर असतो. श्रम वाढताच निरोगी हृदयात तो चौपट-पाचपट होऊ शकतो. ही वाढ अपरिहार्य आहे, कारण हृदय विश्रांतीतच रक्तातील सुमारे ७० टक्के प्राणवायू वापरून टाकते. अधिक प्राणवायू हवा, तर अधिक रक्तच हवे.

नळीतील प्रवाहाचा हिशेब फ्रेंच वैद्य प्वाझय यांनी १८४० च्या सुमारास मांडला. नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर त्याच दाबाखाली प्रवाह निम्मा होत नाही. तो सोळाव्या हिश्श्यावर येतो. धमनी ही काचेची सरळ नळी नव्हे, म्हणून हा नियम तेथे जसाच्या तसा लागू पडत नाही. तथापि त्याचा रोख खरा आहे. अरुंद जागेत रक्त वेगाने धावते, पलीकडे भोवरे उठतात आणि दाबाचा काही अंश वाया जातो.

मग माणसाला हे जाणवत का नाही? अडथळ्याच्या पुढील सूक्ष्म धमनिका विस्फारतात आणि तूट भरून काढतात. हीच ती गंगाजळी. अमेरिकेतील डॉ. लान्स गूल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखविले, की धमनीचा व्यास सुमारे ८५ टक्के घटेपर्यंत विश्रांतीतील प्रवाह टिकून राहतो. कमाल प्रवाह मात्र व्यास निम्मा होण्यापूर्वीच ओसरू लागतो. म्हणूनच गादीवर बसलेल्या व्यापाऱ्याला काही होत नाही, विश्रांतीत काढलेला ईसीजीही निर्दोष येऊ शकतो, आणि दुसऱ्या मजल्यावरील गोदामाचा जिना चढताना मात्र छाती आवळून येते.

अँजिओग्राफीच्या अहवालातील टक्केवारी ही अडथळ्याची आकृती सांगते, प्रवाहाची स्थिती नेहमीच सांगत नाही. त्यासाठी एक बारीक तार धमनीत सरकवून औषधाने प्रवाह वाढवितात आणि अडथळ्याच्या अलीकडील व पलीकडील दाबांचे गुणोत्तर काढतात. ते ०.८० किंवा त्याहून कमी आले, तर तो अडथळा प्रवाहाच्या दृष्टीने महत्त्वाचा मानला जातो. स्टेंटचा निर्णय घेताना कुटुंबाने डॉक्टरांना या तपासणीविषयी अवश्य विचारावे.

किरकोळ अडथळाही निर्धास्त राहण्याजोगा नसतो. त्यातील चरबीवरचे आवरण फाटून गुठळी झाली, तर धमनी अकस्मात बंद पडू शकते. चालताना येणारी आणि थांबताच ओसरणारी छातीतील कळ पित्ताच्या खात्यावर मांडून ठेवू नये. बसल्या जागी दुखू लागले व थांबेना, तर दुकान आवरण्यात वेळ न दवडता तत्काळ रुग्णालय गाठावे. शिल्लक किती उरली, हे मागणीच्या दिवसापूर्वीच तपासावे, हा व्यापारातील जुना संकेत देहालाही तितकाच लागू आहे.