उसाच्या चिपाडाचे अग्निरोधक दार

बॉयलरमध्ये जळणारा बगॅस, म्हणजे उसाचे चिपाड, आग अडवणाऱ्या दारात भरायचा, ही कल्पना ऐकून शंका येणे रास्तच आहे. पण जाड लाकूड जळताना त्यावर कोळशाचा थर चढतो, तो उष्णता रोखतो आणि आग मिनिटाला साधारण ०.७ मिलिमीटरच आत सरकते. मोकळा बगॅस भडकतो. सिमेंटसारख्या खनिज बंधकात घट्ट दाबलेला तसा भडकत नाही. त्यात मिसळायच्या भाताच्या तुसाच्या राखेत तर बहुतांश सिलिका असते, ती जळतच नाही. ऊस आणि भात दोन्ही पिकवणाऱ्या महाराष्ट्राने दाराचा असा गाभा गांभीर्याने घ्यायला हवा. ओल आणि वाळवी या खऱ्या अडचणी आहेत; त्यांवरच्या रसायनाने धूर अधिक विषारी होत नाही ना, हेही पाहावे लागेल. म्हणूनच चौकट, बिजागऱ्या, उष्णतेने फुगून फट बुजवणारी पट्टी यांसह अख्खे दार भट्टीत तपासावे आणि कसोटीला उतरले तर सरकारी रुग्णालयांच्या निविदांत त्याला जागा द्यावी.