उपचार आधी, चर्चा मागाहून

सुरतेतील पांडेसरा ही रंगाई-छपाईच्या गिरण्यांची वसाहत. खानदेशातून पोटापाण्यासाठी गेलेल्या अनेक मराठी कुटुंबांनी तेथे बिऱ्हाडे थाटली. परंतु या वसाहतीचे नाव अलीकडे सर्वतोमुखी झाले ते कापडामुळे नव्हे. एप्रिल २०१८ मध्ये तेथे एका अकरा वर्षांच्या बालिकेचा मृतदेह सापडला; अंगावर ऐंशीहून अधिक जखमा होत्या. २०२१ च्या दिवाळीत अडीच वर्षांच्या दुसऱ्या एका मुलीचा बळी गेला, आणि न्यायालयाने सुमारे महिनाभरात आरोपीस फाशी सुनावली. लोकांनी समाधानाचा निःश्वास टाकला. ते स्वाभाविकच होते.

पण असा प्रसंग गुदरूनही जी वाचते, तिचे काय? त्याच वस्त्यांतील मुली आता महाविद्यालयांत जाऊ लागल्या आहेत. आमच्या वाचकांच्या लेकीही परगावी वसतिगृहांत राहतात. त्यांपैकी एखादीवर अत्याचार झाला, आणि बहुधा तो ओळखीच्याच माणसाकडून होतो, तर पहिले दोन-तीन दिवस कशात जातात? मामांना बोलावणे धाडण्यात, सांगावे की झाकावे याचा खल करण्यात आणि अब्रूचा हिशेब मांडण्यात! वैद्यकाच्या दृष्टीने मोलाचे तास नेमके हेच. एचआयव्हीचा संसर्ग रोखणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. गर्भधारणा टाळणारी गोळी जितकी लवकर तितकी गुणकारी. पाच दिवसांनंतर तिच्यावर विसंबता येत नाही. मुलीला मायेने न्हाऊ घालणारी आई नकळत पुरावाही धुऊन टाकते.

फिर्यादीवाचून रुग्णालयात घेत नाहीत, ही समजूत साफ खोटी आहे. सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक रुग्णालयाने अशा पीडितेवर तात्काळ व विनामूल्य उपचार केलेच पाहिजेत, असा कायदा २०१३ मध्ये झाला. नागरिक सुरक्षा संहितेच्या ३९७ व्या कलमात तो कायम आहे. नकार देणाऱ्या चालकास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पोलिसांस खबर देणे हे रुग्णालयाचे काम. त्यासाठी मुलीने दारात ताटकळत बसावयाचे कारण नाही. तपासणीस तिची संमती हवी, आणि तीही तिला समजणाऱ्या भाषेत घेतलेली. अनोळखी लिपीतील कागदावर सही घेणे म्हणजे संमती नव्हे, हे सीमाभागातील वाचकांस आम्ही वेगळे सांगावयास नको. ‘दोन बोटांची चाचणी’ करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी बजावले आहे.

अंगावर जखम नाही म्हणजे संमती होती, असे म्हणणारे आजही भेटतात. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली घडलेल्या प्रकरणात १९७८ चा निकाल याच तर्काने लागला होता. देशभर संताप उसळला, तेव्हा १९८३ मध्ये कायदा बदलला.

आणि महाविद्यालये? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांन्वये प्रत्येक संस्थेत तक्रार समिती असावयास हवी. त्या नियमांनी मुलग्यांनाही संरक्षण दिले, हे फार थोड्या प्राचार्यांच्या ध्यानी असते. परंतु समितीस चौकशीसाठी ९० दिवसांची मुदत आहे, औषधाची मुदत ७२ तासांची! तेव्हा रात्री-अपरात्री उघडे असणारे जवळचे रुग्णालय कोणते, तेथवर मुलीस कोण नेणार आणि गाडीभाडे कोठून येणार, एवढे तरी प्रत्येक वसतिगृहाच्या फलकावर तेथील मुलींच्या भाषेत या सत्रातच लिहिले जावे.