हिवाळ्यातील कालवा

इंग्लंडातील कालव्यांवरून होडीने फिरावयाचे ते उन्हाळ्यातच, असा पुष्कळांचा समज आहे. आमच्या मते खरा ऋतू हिवाळ्याचा.

ही होडी जेमतेम ७ फूट रुंद. वेगाची मर्यादा ताशी ४ मैल, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसाइतकीच. उन्हाळ्यात काठची दाट झाडी पलीकडचे सारे झाकून टाकते. पाने गळाली की नांगरलेली शेते, मेंढ्यांचे कळप, दूरच्या चर्चचा मनोरा दिसू लागतो. होडी खुंटीस बांधावी आणि ज्या वाटेवरून पूर्वी घोडे होड्या ओढीत, त्याच वाटेने जवळच्या खेड्याकडे पायी निघावे. डिसेंबरात चार वाजताच अंधारून येते, तेव्हा परतण्याची घाई करावी हे बरे! होडीला वर-खाली नेणारी, दोन्ही टोकांस कवाडे असलेली काही कुंडे या दिवसांत दुरुस्तीसाठी बंद असतात. त्यांची चौकशी आधीच केलेली बरी.

मात्र हाच गारठा एके काळी नावाड्यांच्या पोटावर आला. रेल्वे व मोटारींमुळे त्यांचा धंदा आधीच खंगला होता. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे कित्येक आठवडे गोठले, मालाच्या होड्या जागच्या जागी अडकल्या. १९६३ मध्येच सरकारी मंडळाने अरुंद होड्यांची आपली बहुतेक वाहतूक बंद केली. हौशी प्रवाशाने हे विसरणे आम्हांस अनुचित वाटते. कारण आज ज्या शेगडीपाशी तो हात शेकतो, तशाच शेगडीवर, सुमारे १० फूट लांबीच्या खोलीत, अख्ख्या कुटुंबाचा स्वयंपाक होत असे.