गाणी थांबतात तिथून पुढे

लग्नसराई सुरू झाली की बारामती-इंदापूर पट्ट्यात एकही वरात ‘झिंगाट’शिवाय मारुतीच्या देवळापर्यंत पोचत नाही. ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. तेव्हा शाळेत असलेली पोरं आता नवरदेव होऊन घोड्यावर बसू लागली, तरी गाणं तेच आहे. हळदीला वाजतं, वरातीला वाजतं, मामा मंडळींच्या आग्रहाखातर पुन्हा वाजतं. मराठी सिनेमाच्या गाण्यांचा इतका खपलेला, इतका वाजलेला दुसरा संच अलीकडच्या काळात माझ्या तरी पाहण्यात नाही.

संचात गाणी चारच. ‘याड लागलं’, ‘आताच बया का बावरलं’, ‘सैराट झालं जी’ आणि ‘झिंगाट’. संगीत अजय-अतुल यांचं, शब्दही बहुतेक त्यांचेच. हे गोगावले बंधू आपल्याच पुणे जिल्ह्यातले. वडील महसूल खात्यात, त्यामुळे बदलीच्या गावी बिऱ्हाड हलायचं आणि लहानपण शिरूर, जुन्नरकडच्या गावांत गेलं. संगीताचं रीतसर शिक्षण नाही. या दोघांनी ‘सैराट’साठी थेट लॉस एंजेलिस गाठलं. १९३९ सालच्या ‘द विझार्ड ऑफ ऑझ’चं संगीत जिथे ध्वनिमुद्रित झालं, त्याच सोनीच्या दालनात व्हायोलिनं, पितळी वाद्यं, हार्प असा सिंफनी ऑर्केस्ट्रा बसवून या गाण्यांचं संगीत वाजवून घेतलं. उसाच्या फडातून, केळीच्या बागेतून चोरून भेटणाऱ्या, वेगवेगळ्या जातींतल्या दोन पोरांसाठी एवढा थाट! आपल्या भागातल्या बोलीला सिनेमात फार काळ विनोदापुरतीच जागा होती. तिच्यातून कुणी प्रेम सांगावं आणि त्यामागे परदेशातले कसलेले वादक उभे राहावेत, हा मान आपल्याला या संचाने दिला.

आणि ‘आपल्याला’ म्हणतो ते उगाच नाही. दिग्दर्शक नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. उजनीच्या पाण्याच्या अलीकडे इंदापूर आणि पलीकडे करमाळा. नायिका अर्ची झालेली रिंकू राजगुरू अकलूजची; इंदापूर तालुक्यातून नीरा ओलांडली की अकलूज. तिच्या कामाची राष्ट्रीय पुरस्कारांतही खास दखल घेतली गेली. पडद्यावरचा ऊस, विहीर, ट्रॅक्टर, पाटलांचा वाडा यातलं काहीच आपल्याला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

ती सिंफनी आपल्या गल्लीत येते ती बेंजोवर. वरातीच्या टेम्पोत बेंजोवाला बसलेला असतो. डाव्या हाताची बोटं टाइपरायटरसारख्या बटणांवर पळत असतात, उजव्या हातातली नखी तारांवर सपासप फिरत असते आणि तारांचा आवाज अँप्लिफायरमधून कर्ण्यावाटे अख्ख्या आळीत पसरतो. हलगीवाला चौकाच्या कडेला कागद पेटवून हलगी शेकून घेतो. कातडं तापून ताणलं की बोट मारून आवाज बघतो, पसंत पडला की गळ्यात अडकवतो. मग एका हातात बारीक काडी, दुसऱ्या हातात जाड टिपरू. हॉलिवूडमध्ये अख्ख्या ताफ्याने वाजवलेलं संगीत ही चार-पाच माणसं नुसत्या कानावर बसवतात, तेही कागदावर एक सूर लिहून न घेता. त्यांच्या हाताची मला मनापासून कदर वाटते.

पण वरातीत चारातलं एकच गाणं वाजतं. बाकीची तीन निवांत ऐकायची आहेत. ‘याड लागलं’ अजयने एकट्याने गायलंय. त्यात कोवळ्या पोराचं बावचळलेपण आहे आणि त्याच्या मागून व्हायोलिनं भरून येतात तेव्हा ते बावचळणं एकदम मोठं होतं, उदात्त होतं. ‘आताच बया’ श्रेया घोषालचं. मुलगी स्वतःच्या मनात डोकावते आणि लाजता लाजता धीट होते. बुलेटवर बसणाऱ्या, ट्रॅक्टर चालवणाऱ्या अर्चीला हेच गाणं शोभतं, कारण पहिलं पाऊल टाकायला ती कुणाची परवानगी मागत नाही. ‘सैराट झालं जी’मध्ये चिन्मयी श्रीपादा आणि अजय एकमेकांच्या ओळी उचलत जातात. मुलगा, मुलगी, मग दोघं, अशी ही चढण आहे आणि तिच्या शेवटी ‘झिंगाट’.

पडद्यावर ‘झिंगाट’ कुठे येतं ते आठवून पाहा. अर्चीच्या भावाच्या वाढदिवसाला अख्खं गाव नाचतं. त्याच रात्री, त्याच मांडवामागे अर्ची आणि तिचा प्रियकर सापडतात आणि मारहाण सुरू होते. नाच आणि मार यांत काही मिनिटांचंच अंतर आहे. चारही गाणी पूर्वार्धातली. उत्तरार्ध पळून गेलेल्या त्या दोघांचा, हैदराबादचा: झोपडपट्टीतली खोली, डोशाची गाडी, कारखान्यातलं काम, भांडण, समेट, बाळ. तिथे एकही गाणं नाही. माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन येतात, चहा होतो आणि नंतर तर आवाजच बंद होतो. एवढं गाजणारं संगीत हाताशी असताना दिग्दर्शकाने ते अर्ध्यावर थांबवलं. पुढे जे घडतं ते गाण्यातून सांगता येणारं नाही, हे त्याला ठाऊक होतं.

आपण मात्र पूर्वार्ध उचलला आणि उत्तरार्ध थिएटरात सोडून आलो. ‘झिंगाट’वर घाम गाळून नाचणारा बाप, चुलता, भाऊ आपल्या घरातली पोरगी दुसऱ्या जातीतल्या मुलाचं नाव घेते तेव्हा कसा वागतो, ते आपल्या गावागावांत पाहायला मिळतं. मोबाइल काढून घेतला जातो, कॉलेज बंद होतं, भावकी बसते, घाईघाईत सोयरीक जुळवली जाते. महिन्याभरात बस्ता बांधला जातो आणि तिच्या मनाविरुद्धच्या वरातीतही पुन्हा ‘झिंगाट’च वाजतं. याची मला चीड येते. ज्या गाण्याचा जन्म दोन जातींतल्या प्रेमातून झाला, ते अशा प्रेमाचं तोंड बंद करणाऱ्या लग्नात वाजवणं हा त्या गाण्यावरही अन्याय आहे आणि त्या पोरीवर तर आहेच.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. शक्ती वाहिनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१८ रोजी निकाल दिला: दोन सज्ञान माणसांनी एकमेकांना जोडीदार म्हणून निवडलं, की घरच्यांची, समाजाची किंवा भावकीची संमती लागत नाही. अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष असावा, असंही न्यायालयाने सांगितलं. हा निकाल आपल्या कॉलेजांच्या सूचनाफलकांवर आणि ग्रामपंचायतींच्या भिंतींवर ठळक अक्षरांत लागला पाहिजे.

येत्या लग्नसराईत जरूर नाचा. बेंजोवाल्यांची, हलगीवाल्यांची बिदागी मोकळ्या हाताने आणि वेळेवर द्या. पण त्याआधी एका संध्याकाळी घरातल्या मुलामुलींसोबत बसून ‘सैराट’ शेवटपर्यंत बघा आणि त्यांना तोंडाने सांगा, की तुम्ही कुणाचंही नाव घेतलंत तरी या घराचं दार तुम्हाला उघडं राहील.