एका शिखराची तीन नावे

वाचकहो, घरात शाळकरी मूल असेल तर त्याला विचारून पाहा : जगातील सर्वांत उंच शिखर कोणते? 'माउंट एव्हरेस्ट' असे उत्तर तात्काळ येईल. पण हा एव्हरेस्ट कोण, हा पुढचा प्रश्न आपण मुलांना विचारत नाही. आम्ही आज तोच विचारणार आहोत.

जॉर्ज एव्हरेस्ट हे इंग्रजांच्या भूमापन खात्याचे प्रमुख. ते १८४३ सालीच निवृत्त झाले. शिखराची मोजणी त्यानंतरची! नेपाळ व तिबेट परक्यांना बंद होते, म्हणून शंभर मैलांहून दूर सपाटीवरून दुर्बिणीने कोन मोजले गेले. त्यांचे गणित झाले ते कलकत्त्याच्या कचेरीत, आणि तेथील मुख्य गणिती होते राधानाथ सिकदार. १८५६ साली उंची जाहीर झाली, २९,००२ फूट. नवे प्रमुख अँड्र्यू वॉ यांनी मात्र शिखराला आपल्या जुन्या साहेबांचे नाव सुचविले. स्थानिक नाव सापडत नाही, ही सबब! हे नाव हिंदीत लिहिता येणार नाही, तेथील लोकांना उच्चारता येणार नाही, अशी हरकत खुद्द एव्हरेस्ट यांनी घेतली. तरीही १८६५ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने तेच नाव कायम केले.

मग शिखराला खरोखरच नाव नव्हते काय? होते! त्याच्या सावलीत राहणारे तिबेटी आणि शेर्पा बौद्ध लोक त्याला 'चोमोलुंग्मा' म्हणतात. 'चोमो' म्हणजे पूज्य स्त्री. पूर्ण नावाचा अर्थ 'जगन्माता' असा सांगतात. १७३३ सालच्या फ्रेंच नकाशातही हे नाव आले होते. नेपाळचे 'सगरमाथा' हे नाव पुढे आणले ते इतिहासकार बाबुराम आचार्य यांनी, १९३०च्या दशकात. २९ मे १९५३ रोजी हिलरींबरोबर माथा गाठणारे तेन्झिंग नोर्गे हेही बौद्धच. त्यांनी तेथे बर्फात खाऊ पुरून चोमोलुंग्मेला अर्पण केला.

आणि सिकदार? १८४३ साली एका गोऱ्या मॅजिस्ट्रेटने खात्याच्या मजुरांना वेठीला धरून आपले सामान वाहायला लावले. सिकदारांनी ते सामान अडवले. त्यांना २०० रुपये दंड झाला. वेठ म्हणजे काय, हे आपल्या आज्या-पणज्यांना विचारावे लागत नव्हते! खात्याच्या भूमापनाच्या ग्रंथात सिकदारांच्या कामाचा उल्लेख होता. १८७० साली ते वारले, आणि १८७५च्या आवृत्तीतून तो उल्लेख गाळला गेला.

ओझे वाहणारा आणि गणित सोडविणारा विसरला जातो, खुर्चीवरल्याचे नाव डोंगराला लागते. नावाचे मोल आपल्याला कोणी शिकवायला नको.

परीक्षेत मुलांनी 'एव्हरेस्ट'च लिहावे, गुण घालवू नयेत. पण आज रात्री जेवायला बसल्यावर त्यांना चोमोलुंग्मा सांगा, आणि सिकदारांचे नावही सांगा.