पिकअप घेताना आधी माणसं मोजा



दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस माहेरी, इंदापूर तालुक्यात गेले होते. रात्री जेवणं झाली, दस्तरखान उचलला आणि धाकट्या भावाने मोबाईल माझ्यापुढे धरला. "आपा, ही गाडी बघा. कशी वाटते?"

डबल केबिनची पिकअप होती. पुढे माणसांना दोन रांगा, मागे मालासाठी हौदा. भावाकडे सहा म्हशी, दीड एकर पेरू आणि बाकी ऊस. रोजचं दूध, पेंडीची पोती, म्हशींना वाढं, बाजार समितीत न्यायचे पेरूचे क्रेट, ही गाडीची कामं. शिवाय अम्मीला गुडघ्यांसाठी बारामतीच्या दवाखान्यात न्यायचं, मुलांना शाळेत सोडायचं, नात्यातल्या लग्नांना जायचं. उन्हाळ्यात चाकांवरची पाण्याची टाकी मागे जोडून ओढायची, हाही बेत होता. "एका गाडीत सगळं होतंय," तो म्हणाला.

अब्बांनी विचारलं, "बसणार किती जण?"

"केबिनमध्ये पाच. जास्त झाले तर मागे हौद्यात. गावात सगळे तसेच जातात."

अम्मी काही न बोलता उठून आत गेली. का गेली ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

अकरा वर्षांपूर्वी खालाच्या घरचं वऱ्हाड वलीमा आटोपून रात्री पिकअपने परत निघालं होतं. हौद्यात एकोणीस माणसं, त्यात बायका आणि मुलं जास्त. गाळपाचा हंगाम होता. रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली उभी होती आणि तिच्या मागे दिवा नव्हता की रिफ्लेक्टर नव्हता. चालकाने ब्रेक मारून गाडी वळवली आणि ती कलंडली. केबिनमधले तिघे खरचटण्यावर वाचले. हौद्यातली माणसं रस्त्यावर फेकली गेली. खालाची मोठी सून गेली. तिचं बाळ नऊ महिन्यांचं होतं.

त्यानंतर विम्याचा प्रश्न आला. हप्ता वेळेवर भरलेला, कागद चालू. तरी कंपनीने हात वर केले, कारण गाडी मालवाहतुकीची होती. खालाच्या घराने दवाखान्याच्या बिलासाठी एक एकर विकलं.

म्हणून या महिन्यात हा विषय. पिकअप आता आपल्या भागात बैलगाडीइतकी घरची झाली आहे. ती घेताना आपण किंमत, मायलेज आणि हप्ता विचारतो. माणसं कुठे बसणार, हे मात्र गाडी दारात आल्यावर ठरतं.

कागद काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आहे. १९९४ च्या दुरुस्तीनंतर मालवाहू गाडीच्या सक्तीच्या विम्यात मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी येतो. पेरूच्या क्रेटबरोबर बाजारात निघालेला शेतकरी त्यात बसतो. लग्नाला निघालेली खाला बसत नाही. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी खटल्यात हेच स्पष्ट केलं : मालवाहू गाडीतून फुकट नेलेल्या प्रवाशाची भरपाई विमा कंपनीवर बंधनकारक नाही. मग ती भरपाई गाडीमालकाच्या गळ्यात पडते, म्हणजे त्याच्या जमिनीवर आणि घरावर येते.

ही गोष्ट हौद्यापुरती नाही. डबल केबिनची गाडीसुद्धा मालवाहू म्हणून नोंदलेली असेल, पिवळ्या पाटीची असेल, तर केबिनमध्ये बसलेल्या घरच्या माणसांचं काय, हे विमा घेतानाच विचारावं. प्रवाशांसाठी वेगळं संरक्षण जादा हप्ता भरून मिळत असेल तर घ्यावं आणि ते पॉलिसीच्या कागदावर छापून घ्यावं. एजंटचं "होऊन जाईल हो" कोर्टात चालत नाही.

लायसन्सबद्दल भावाच्या मनात एक भीती होती, ती मात्र निघून गेली. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निकाल दिला की हलक्या मोटार वाहनाच्या लायसन्सवर साडेसात हजार किलोंच्या आतली मालवाहू गाडी चालवता येते, त्यासाठी वेगळी नोंद लागत नाही. घरगुती पिकअप सगळ्या या मर्यादेच्या आत आहेत.

कोणती गाडी कोणासाठी

भावाने कागदावर तीन रकाने पाडले. मी मास्तरीण आहे, मला रकाने आवडतात.

पहिल्या रकान्यात एका रांगेची साधी पिकअप. बोलेरो पिकअप, टाटा योद्धा या जातीच्या गाड्या. माल भरपूर वाहतात, दुरुस्ती इंदापूर, भिगवण, बारामती कुठेही होते. पण माणसं दोन किंवा फार तर तीन. ज्याच्या घरी दुसरी गाडी आहे त्याने हीच घ्यावी.

दुसऱ्या रकान्यात बोलेरो कॅम्परसारखी डबल केबिन. चालक धरून पाच जण, मागे साधारण एक टन माल. किंमत दहा लाखांच्या आसपास. आपल्याकडे बहुतेक मालवाहू म्हणूनच नोंदतात. त्यामुळे नवी असताना दर दोन वर्षांनी आणि आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेससाठी न्यावी लागते.

तिसऱ्या रकान्यात इसुझूची व्ही-क्रॉस आणि टोयोटाची हायलक्स. या खासगी म्हणून, पांढऱ्या पाटीवर नोंदता येतात. इंजिन ताकदवान, आत मोटारीसारखा आराम. पण व्ही-क्रॉस पंचवीस लाखांच्या आसपास आणि हायलक्स त्याच्याही पुढे. माल मात्र कॅम्परपेक्षा कमीच नेतात. सहा म्हशींच्या दुधावर ही गाडी पोसायची नसते.

चौथा मार्ग अब्बांनी सुचवला. दूध आणि पेंडीपुरती बारामती एमआयडीसीत पियाज्जोच्या कारखान्यात तयार होणारी तीनचाकी आपे घ्यायची आणि माणसांसाठी जुनी मोटार ठेवायची. ज्यांचं रोजचं ओझं पाच-सहा पोत्यांचं आहे, त्यांनी हा हिशेब जरूर करून बघावा.

एक टन म्हणजे किती

नोंदणी पुस्तकात गाडीचं रिकामं वजन आणि भरलेलं कमाल वजन लिहिलेलं असतं. दोन्हींची वजाबाकी करा. त्या आकड्यात माल येतो आणि माणसंही येतात. वजाबाकी १००० किलो असेल आणि ६५ किलोंची पाच माणसं बसली, तर ३२५ किलो तिथेच संपले. उरले ६७५. म्हणजे ५० किलोंची तेरा पोती. वीस पोती टाकून वर घरचे पाच जण बसवले तर ब्रेक आणि टायर दोन्हींवर जुलूम होतो.

उलट बाजूही आहे. पिकअपचे मागचे पाटे ओझ्यासाठी कडक बनवलेले असतात. गाडी रिकामी असली की ती उसळते, आणि मागच्या रांगेत बसलेल्या म्हाताऱ्या माणसाची पाठ धरते. पावसात रिकाम्या गाडीचा जोरात ब्रेक दाबला तर मागची चाकं घसरतात. म्हणून गाडी पसंत करताना शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर एकट्याने चक्कर मारू नका. अम्मी-अब्बांना मागे बसवा आणि आपल्या शेताच्या रस्त्याने न्या. पायरीची उंची बघा. बुरखा घातलेल्या, गुडघे दुखणाऱ्या बाईला धरायला आत कडी आहे का, तेही बघा. मागच्या रांगेतल्या प्रत्येकाला पट्टा आहे का, हे मोजून बघा. हे बघणं बायकांचं काम आहे, कारण मागे बसणार आपणच.

मागे ओढायचं असेल तर

आता पाण्याची टाकी. हजार लिटर पाणी म्हणजे हजार किलो. वर टाकीचं आणि गाड्याचं वजन वेगळं. इंजिन ते ओढेलही, पण ओढण्यापेक्षा थांबवणं अवघड असतं. आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर मुलांना सांगतात की वेग दुप्पट झाला तर गाडीतला जोर चौपट होतो. ब्रेक दाबल्यावर मागचा ट्रेलर थांबत नाही, पुढच्या गाडीला ढकलतो. टाकी अर्धी भरलेली असेल तर आतलं पाणी हेलकावे घेतं आणि गाडीलाही हेलकावे देतं. ती एक तर पूर्ण भरावी नाही तर रिकामी न्यावी.

ट्रेलरवर ओझं मागच्या टोकाला लादलं तर तो रस्त्यावर नागमोडी डुलू लागतो. ओझं चाकांच्या थोडं पुढे ठेवावं. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकवर आला तर ट्रेलर सरळ चालतो. गाडी किती ओढू शकते, हा आकडा कंपनीच्या पुस्तकात असतो. पुस्तकात नसेल तर ओढू नये. गावातल्या वेल्डरने बंपरला जोडलेला हुक चासीला धरलेला नसतो.

कायद्याने ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. त्याची वेगळी नोंदणी लागते, विम्यात नोंद लागते, मागे दिवे आणि रिफ्लेक्टर लागतात. बंद पडलेल्या गाडीला टोचन लावायचं असेल तर दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको, आणि मागच्या गाडीच्या स्टिअरिंगवर लायसन्स असलेला माणूस हवा. दोरीला रंगीत फडकं बांधा, म्हणजे मोटारसायकलवाला मधून घुसणार नाही.

भावाने हे सगळं ऐकून टाकीचा बेत सोडला. शेजारच्या ट्रॅक्टरला भाडं देऊन पाणी आणणं स्वस्त पडतं, हे त्यालाच हिशेबात दिसलं.

पैसा आणि जुनी गाडी

अब्बा व्याजाच्या कर्जाला तयार नव्हते. दोन म्हशी विकल्या, भिशीचे पैसे आले, थोडी उधारी मामूंकडून बिनव्याजी मिळाली. त्यामुळे नवी गाडी बजेटच्या बाहेर गेली आणि जुनी कॅम्पर शोधायचं ठरलं.

जुनी घेताना आमच्या भागात एक गोष्ट मुद्दाम बघावी. भिगवणला उजनीच्या माशांचा मोठा बाजार आहे. मासे वाहिलेल्या गाडीच्या हौद्यातून बर्फाचं पाणी वर्षानुवर्षं गळतं आणि खाली चासी गंजते. खतं वाहिलेल्या गाडीचंही तसंच. वरून रंग नवा असतो, म्हणून गाडी रॅम्पवर चढवून खालून बघा. चासी नंबर पुस्तकाशी जुळवा. आधीच्या मालकाचं कर्ज फिटलं असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घ्या. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन एमएच-४२ च्या, म्हणजे बारामतीच्या आरटीओत ३० दिवसांच्या आत नाव चढवा. नाव चढल्याशिवाय गाडी आपली नाही आणि विमाही आपला नाही.

नाही म्हणण्याची वेळ

गाडी आली. पांढरी, आठ वर्षांची, खालून कोरडी. प्रवाशांच्या विम्याचं भावाने एजंटकडून लेखी घेतलं. अब्बांनी सवारीची दुआ पढली आणि सगळ्यांना पेढे वाटले.

खरी परीक्षा महिनाभराने आली. चुलत पुतणीचा निकाह बारामतीला होता. सकाळी सात वाजता दारात चौदा माणसं जमली. "गाडी आहे ना, मागे सतरंजी टाक," चाचा म्हणाले. भावाचा चेहरा पडला. मोठ्यांना नाही कसं म्हणायचं? गाडी असून माणसं नेत नाही, असं भावकीत बोलतील. तो माझ्याकडे बघू लागला.

अम्मी दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "भाईसाहेब, हौद्यात भांडी जातील. माणसं नाही जाणार. माझ्या बहिणीची सून तशीच गेली होती."

चाचा गप्प झाले. मग त्यांनीच फोन करून एक मिनीबस ठरवली. भाडं सगळ्यांनी वाटून घेतलं, माणशी दोनशे चाळीस रुपये आले. निमगाव केतकी, अंथुर्णे, लासुर्णे, भवानीनगर करत सगळे निकाहाच्या वेळेआधी पोचले. कॅम्परमध्ये पाच जण होते, मागे हौद्यात बिर्याणीचे दोन डेग आणि सतरंज्या.

परतताना अंधार पडला. भवानीनगरजवळ उसाच्या दोन ट्रॉल्या कडेला उभ्या होत्या. एकीला रिफ्लेक्टर होता, दुसरीला नव्हता. भावाने वेग कमी केला. मागच्या सीटवर अम्मीने माझा हात घट्ट धरला आणि ट्रॉल्या मागे पडेपर्यंत सोडला नाही.

खालाच्या सुनेचं ते बाळ आता सहावीत आहे. मिनीबसमध्ये खिडकीची जागा त्यानेच धरली होती.